येतो म्हणून गेले

माणूस दोन वाक्यं बोलला की मला तो काढता येतो. डभोईच्या शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात भिंतीमागून हुकूम सोडला होता, आणि अख्खा वर्ग उन्हात जाऊन उभा राहिला होता. घरी मार बसला. आई म्हणाली, या पोरीचं स्वतःचं तोंड कुठलं तेच कळत नाही. आमचे कोणी पूर्वज म्हणे बडोद्याच्या राजाच्या फौजेत होते. घरात त्याचा पुरावा एवढाच उरलाय, की जो तो हुकूम सोडतो आणि कोणी ऐकत नाही.

कॉलेज अर्धवट सोडून मी बडोद्याला मावशीकडे आले आणि तिथल्या वाडी भागातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला लागले. काम सोपं होतं. पेशंटला बसवायचं, फोन घ्यायचे, केसपेपर काढायचे. उरलेल्या वेळात मी पेशंट काढायचे. पोटदुखीवाले, चक्करवाले, "मला काही नाही हो, सूनबाईने जबरदस्ती आणलं" म्हणणारे. सिस्टरबेन ड्रेसिंगच्या खोलीतून डोकं बाहेर काढून हसायच्या. हसून झालं की गुजरातीत म्हणायच्या, "पाप लागशे तने." आणि लगेच, "फरी कर ने," म्हणजे परत कर.

दवाखाना खाली, डॉक्टरांचं घर वर. डॉक्टर दोन. एक मोठे डॉक्टर, पंचाहत्तरी ओलांडलेले, ज्यांनी हा दवाखाना काढला. घराणं जुन्या राज्यातल्या अधिकाऱ्यांचं. ते "सरकार म्हणायचे" असं बोलायला लागले की हे आत्ताचं सरकार नव्हे, हे पेशंटला बऱ्याच वेळाने कळायचं. दुसऱ्या त्यांच्या सूनबाई, त्याही डॉक्टरच. त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो. मॅडमचे मिस्टर बाजव्याकडे रिफायनरीत होते. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, आणि मधे जे काही घडेल त्यात त्यांचं मत नसायचं.

मोठे डॉक्टर कोणाला नावाने हाक मारत नसत. दुखणं नाहीतर गाव, यावरून माणूस ओळखायचे. "काय, खोकला, बरा का?" "तो मूळव्याधीचा जावई आला होता का?" मला पहिल्या दिवशी विचारलं, कुठली तू. मी म्हटलं, डभोईची. त्या दिवसापासून मी डभोई. "ए डभोई, चहा सांग."

त्यांचा आवाज माझा सगळ्यात चांगला निघायचा. वाक्य एकदम जोरात सुरू व्हायचं, समोरचा दचकायचा, आणि शेवटचे शब्द परत घशात जायचे. कानाला मशीन होतं, तरी फोनवर ओरडायचे, जणू लांब तरसालीला राहणाऱ्या बहिणीशी बोलताना फोन नसला तरी चाललं असतं. आणि हात. हात कापायचे. चहाची बशी त्यांच्या हातात गेली की किणकिण सुरू. मी ती किणकिण चमचा आणि स्टीलचं झाकण घेऊन काढायचे. सिस्टरबेन तोंडात पदर कोंबायच्या.

एकदा मॅडमनी ते दारातून पाहिलं. मी झाकण खाली ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "थांबलीस कशाला? चांगलं करतेस." आणि आत गेल्या. त्या हसल्या नव्हत्या. मला वाटलं नोकरी गेली. पण मॅडमनी ते लक्षात ठेवलं होतं, कामाला लावायला.

दवाखान्याला दर्जा आणि सुरक्षिततेचं सर्टिफिकेट हवं होतं. ते भिंतीवर लागलं की विमावाले पेशंट येणार, मकरपुऱ्याच्या कारखान्यांतले कामगार येणार. त्यासाठी तपासणी होणार होती. बाहेरची माणसं येऊन सगळं बघणार: हात कसे धुता, सुया कुठे टाकता, औषधांच्या तारखा उलटल्यात का, आग लागली तर कोण काय करणार, आणि पेशंट तोच आहे याची खात्री कशी करता.

या शेवटच्या प्रश्नावर मॅडमची झोप उडाली होती, आणि ते उगाच नव्हतं. आमच्या मागच्या पोळात, म्हणजे गल्लीत, दोन जावा राहतात. एकीला एका औषधाची रिअॅक्शन येते, अंगावर गांधी उठून गळा सुजतो. मोठ्या डॉक्टरांनी तिला "काय, गुडघे" म्हणून बसवलं, कारण गुडघे तिच्या जावेचे दुखतात, आणि नेमकं तेच औषध लिहून दिलं. कोपऱ्यावरच्या केमिस्टला ती बाई माहीत होती. त्याने चिठ्ठी बघून मॅडमना फोन केला म्हणून निभावलं. मॅडमनी वर जाऊन विचारलं तर मोठे डॉक्टर म्हणाले, "दोघी सारख्याच दिसतात. हिने तोंड उघडून सांगायचं ना?"

त्यानंतर मॅडमनी ठरवलंच होतं. फक्त स्वतःच्या तोंडाने सांगायचं नव्हतं. सासऱ्याला खुर्चीतून उठवलं असं वाडीत कोणी म्हणायला नको. तपासणीने उठवलं म्हटलं की कोणाचं काही चालत नाही.

मग एका रविवारी दवाखाना बंद करून मॅडमनी आम्हाला सगळ्यांना बसवलं. म्हणाल्या, "आपण तालीम करू. ही तपासणीवाली होईल."

मला काय, मी पॅड घेतलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि आवाज काढला अमदावादच्या साहेबाचा. जाडा, पान खाऊन बोलणारा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बराबर?" म्हणणारा. आधी सिस्टरबेनना धरलं. "सुई क्यां नाखो छो, बेन?" सिस्टरबेन ताठ उभ्या राहून म्हणाल्या, पांढऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्यात. प्लॅस्टिक लालमध्ये. काचेच्या बाटल्या निळ्यात. मी विचारलं, आणि नवरा? "एने तो पीळामां," असं त्या म्हणाल्या आणि मॅडमसुद्धा हसल्या.

मग मोठे डॉक्टर. ते पाय पसरून स्वतःच्या खुर्चीत बसले होते, मजा बघत. मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "साहेब, दर्दीनी ओळख केवी रीते करो छो?"

"पेशंट ओळखायचा? चालीवरून."

"नाव पूछवानुं. जन्मतारीख पूछवानी. बराबर?"

"वाडीतल्या बाईला जन्मतारीख विचारू?" ते म्हणाले. "ती मला माझी विचारेल, आणि मला आठवायची नाही."

सगळे हसले. ते पण हसले. मॅडम म्हणाल्या, "करून दाखवायला सांग. पेशंट बसव."

मी सिस्टरबेनना स्टुलावर बसवलं. पदर डोक्यावरून घ्यायला लावला. म्हटलं, साहेब, दर्दी आवी छे, तपासो. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम कामाचा झाला. "हां, काय, दमा कसा आहे?"

सिस्टरबेन पदरातून म्हणाल्या, "साहेब, मने दम नथी. हुं तो तमारी सिस्टर छुं."

आता त्यांनी खेळात खेळ म्हणून तसं केलं की खरंच त्यांना ओळख पटली नाही, ते मला आजही सांगता यायचं नाही. सिस्टरबेन त्यांच्याकडे वीस वर्षांच्या वर होत्या. आम्ही हसत होतो. हसता हसता लक्षात आलं की ते सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघतायत, आणि मग उशिरा, आमचं बघून, हसतायत.

मॅडमना तेवढंच हवं होतं. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बाबा, पाहिलंत ना? ही आपली पोरगी आहे. ते बाहेरचे असतील. तपासणीच्या दिवशी तुम्ही खाली नका येऊ."

"मग माझ्या खोलीत कोण बसणार?"

"कोणी नाही. ती खोली पेशंटला झोपवून ठेवायची म्हणून दाखवायचीय. खुर्ची काढावी लागेल."

"तपासणीपुरती ना?"

"बघू," मॅडम म्हणाल्या.

हे "बघू" मी नंतर पुष्कळदा काढून पाहिलं. सोपं आहे. ओठ फार हलवायचे नाहीत आणि तोवर पुढचं काम बघायला लागायचं.

मला वाटलं आता ते वर बसतील. पण दुसऱ्या दिवसापासून मोठे डॉक्टर दुपारी पेशंट संपले की माझ्या टेबलाशी यायला लागले. "डभोई, विचार."

"काय विचारू?"

"ते तुझं बराबर-बराबर. विचार."

मी साहेबाच्या आवाजात विचारायचे, ते उत्तरं द्यायचे. डब्यांचे रंग त्यांच्या डोक्यात बसेनात. लाल म्हटलं की ते रक्त म्हणायचे, आणि त्यात चूक काय ते मलाही समजावता यायचं नाही. भिंतीवर हात धुण्याचं चित्र लावलं होतं, तळव्याला तळवा, बोटांत बोटं, अंगठा, नखं. ते बेसिनपाशी उभे राहून चित्राकडे बघत हात धुवायचे. हात कापायचे म्हणून फेस आरशावर उडायचा. एकदा मी मागे उभी राहून तसेच हात धुवून दाखवले, सिस्टरबेनसाठी. आरशात त्यांना ते दिसलं असणार. म्हणाले, "अंगठा राहिला तुझा."

मी त्यांना खोटा धीर दिला नाही, पण खरंही कोणी सांगितलं नव्हतं. ते पास व्हायची तयारी करत होते, आणि त्यांचा निकाल आधीच लागला होता. बाहेरची त्यांच्या नावाची पाटी मॅडमनी पॉलिश करायला म्हणून उतरवली. भिंतीवर पाटीएवढा चौकोन पांढरा राहिला, बाकी भिंत मळकी.

तपासणीच्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर खाली आले ते टाय लावून. कोट इस्त्रीचा. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं, तिथे कापसाचा बोळा चिकटलेला. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "विचार."

मॅडम तिथेच होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. मग विचारलं. पिवळा? कापूस, बँडेज. लाल? प्लॅस्टिक, नळ्या, सिरिंज, सुई काढून. पांढरा? सुया. निळा? काच. पेशंट आला तर? "नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची, कागदाशी ताडून बघायची, मग हात लावायचा." एक चूक नाही. सिस्टरबेननी मागून हळूच टाळी वाजवली.

"वा, बाबा," मॅडम म्हणाल्या. "रिक्षा आलीय. तरसालीला आत्यांकडे जाऊन या. संध्याकाळी सावकाश या."

"मला सगळं येतंय."

"हो ना. ऐकलं मी. रिक्षावाला थांबलाय, बाबा."

मोठ्या डॉक्टरांनी हनुवटीचा बोळा काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पिवळ्या डब्यात टाकला. मग म्हणाले, "बरं. येतो."

आणि गेले.

आता, आपल्यात निघताना कोणी "जातो" म्हणत नाही. लहानपणी मी एकदा म्हटलं होतं तर आईने दारातून परत बोलवून "येते म्हण" म्हणून वदवून घेतलं होतं. येतो म्हणजे निघतो. हे कोणाला सांगावं लागत नाही. निदान डभोईला आमच्या घरात नाही.

तपासणीवाले दोघं आले. साहेब निघाले काडीसारखे बारीक, आवाज पातळ, पान नाही, बराबर नाही. माझी सगळी मेहनत फुकट. दुसरा नुसता मोबाईलने फोटो काढत होता, बेसिनचा, डब्यांचा, सिस्टरबेनच्या चपलांचा. सगळं छान चाललं होतं. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत नवी कॉट घातली होती, खुर्ची कोपऱ्यात चादर टाकून सरकवलेली. साहेबांनी मान डोलावली. मॅडमनी बडोद्याचा ओलसर लीलो चेवडा पुढे केला. फोटोवाल्याने त्याचाही फोटो काढला.

तेवढ्यात पोळातली एक म्हातारी आली आणि दारातूनच मोठ्याने विचारती झाली, "मोटा डॉक्टर क्यां छे?"

साहेब थांबले. बाहेरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोण मोटा डॉक्टर? क्यां गया?"

मी घराबाहेर गुजरातीच बोलते, पण विचार डोक्यात मराठीच येतो. मोठे डॉक्टर काय म्हणून गेले? येतो म्हणून गेले. मी तसंच्या तसं गुजराती करून टाकलं. "आवुं छुं कहीने गया छे."

"एम? तो बेसीए," साहेब म्हणाले. "आवे एटले मळी लईए." आणि भेटूनच जायचं म्हणून बसले. चेवड्याची बशी मांडीवर घेतली.

गुजरातीत "आवुं छुं" म्हणून गेलेला माणूस खरोखरच यायचा असतो. मला बोलून झाल्यावर उमजलं. मॅडमचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्या घाईघाईने गुजरातीत म्हणाल्या, नाही नाही, ते सासरे माझे, रिटायर आहेत, पेशंट बघत नाहीत. ही गावाकडून आलीय, हिला काही समजत नाही.

साहेबांनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, कालच तर बघितलं मला.

साहेब हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, हरकत नाही, फोनवर बोलणं करून द्या, ते स्वतः सांगतील तर झालं.

मॅडमनी मला आतल्या बोळात ओढलं. अमदावादच्या माणसाला मराठी कळत नाही असं धरून, पण तरी हळू, म्हणाल्या, "त्यांचा आवाज काढ. इथल्या फोनवर फोन कर."

"मॅडम, मी?"

"गावठी तोंडाने घाण केलीस, आता त्याच तोंडाने निस्तर. आणि निवृत्त झालो म्हण. स्वच्छ म्हण."

मी बोळाच्या पार टोकाला, मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि आतून दार लावून घेतलं. कॉटवर बसून तो आवाज निघेना. मग चादर काढून त्यांच्या खुर्चीत बसले, पाय पसरले, आणि मोबाईलवरून रिसेप्शनचा नंबर लावला. पलीकडे सिस्टरबेननी उचलला आणि साहेबांना दिला.

"हां, बोलो बोलो," मी ओरडले. निघाला. असा निघाला की माझ्याच अंगावर काटा आला. तेच दचकवणं, तीच घशातली घसरण. साहेबांनी नमस्कार केला. मी त्यांचं गाव विचारलं, कारण मोठ्या डॉक्टरांनी विचारलंच असतं. साहेब खूश. मग म्हटलं, माझ्या सूनबाईचं काम बघितलंत ना, पोरीने सगळं नवं केलंय. आता माझं काय, "हुं तो क्यारनो निवृत्त थई गयो छुं."

त्या खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं दार आहे. मोठे डॉक्टर जन्मभर त्याच दाराने आले. ते दार उघडलं, आणि ते दारात उभे होते. टाय तशीच. माझा आवाज एवढा मोठा होता की त्यांना मशीन असो नसो, ऐकू गेलाच असणार. त्यांचाच होता.

माझं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही निघेना. मोबाईलमधून साहेबांचा पातळ आवाज येत होता. "हलो? साहेब, संभळाय छे? तमे हवे दर्दी जोता नथी, एम ने?"

मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला. मी मोबाईल दिला. त्यांनी तो कानाच्या मशीनपाशी धरला, हात कापत होता म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं. साहेबांनी परत तेच विचारलं, आता पेशंट बघत नाही ना तुम्ही. मोठ्या डॉक्टरांनी खोली बघितली: कॉट, चित्र, डबे, चादर जमिनीवर, आणि खुर्चीत मी.

"ना," ते म्हणाले. "नथी जोतो."

ओरडले नाहीत. पलीकडून साहेब आवजो म्हणाले, फोन बंद झाला. मी खुर्चीतून उठले. ते बसले नाहीत.

"मी असा बोलतो?" त्यांनी विचारलं.

"फोनवर."

"एवढ्यांदा?"

"याच्याहून जास्त."

"हं. निवृत्त म्हणत नाही मी पण." मग म्हणाले, "बहिणीच्या घराला कुलूप आहे. शेजारी म्हणाले गावाला गेलीय. तिला कोणी कळवलंच नव्हतं. रिक्षावाल्याला तसाच परत घेऊन आलो. म्हटलं पुढून नको, ती माणसं असतील." त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "फोन कशाला करावा लागला?"

मी सांगितलं. म्हटलं, तुम्ही येतो म्हणालात, मी तेच गुजरातीत सांगितलं, ते तुमची वाट बघत बसले.

"अस्सं," ते म्हणाले. त्यांना हसू आलं, पण थोडंच. "म्हणजे माझी वाट बघत होते."

बाहेरून मॅडमच्या हसण्याचा आवाज आला. साहेब काहीतरी चांगलं बोलले असावेत. मोठ्या डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट दाखवलं. "कापूस लालमध्ये पडलाय. पिवळ्यात हवा. ते फोटो काढतील." मी उचलून टाकला. ते दाराकडे वळले.

"जातो," ते म्हणाले.

माझ्या तोंडून आईसारखं निघालं, "डॉक्टर, येतो म्हणा."

"नको. परत कोणी वाट बघत बसेल." आणि दार ओढून घेतलं.

तपासणीवाले गेल्यावर मॅडम धावतच आत आल्या. मला खांद्याला धरलं, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा. "कमाल केलीस तू. आणि शेवटचं ते नथी जोतो. साहेबांनी स्पीकरवर टाकला होता. मी समोर उभी, मला माहीत की तू आहेस, तरी माझे डोळे भरून आले." त्यांनी खरंच रुमाल काढला होता.

मी म्हटलं, "थँक यू, मॅडम."

संध्याकाळी मोठे डॉक्टर वर जेवायला होते, असं सिस्टरबेन म्हणाल्या. तोवर कुठे बसून होते कोणी विचारलं नाही. बहीण गावाहून परतल्यावर ते बॅग घेऊन तरसालीला राहायला गेले. मॅडम सगळ्यांना सांगायच्या, बाबांना तिकडची हवा मानवते. तरसालीची हवा मकरपुऱ्याच्या धुराची. सर्टिफिकेट आलं. खुर्ची भंगारवाल्याने नेली. पाटी पॉलिश करून आली होती, ती कागदात गुंडाळलेली माळ्यावर आहे. पोळातल्या त्या दोन जावा आता मॅडमकडे येतात. नाव सांगतात, जन्मतारीख सांगतात, दोघींनाही आपापलंच औषध मिळतं.

दिवाळीला मॅडमनी स्टाफला वर फराळाला बोलावलं. मोठे डॉक्टर बहिणीला घेऊन आले होते. जरा वाळले होते, पण टाय होती. मला बघून म्हणाले, "काय, डभोई." मी वाकून नमस्कार केला. सगळे बसले, बशा फिरल्या. आणि मॅडमना लहर आली.

"बाबा, तुम्हाला सांगितलंच नाही मी. तपासणीच्या दिवशी या पोरीने काय केलं ठाऊक आहे? तुमचा आवाज. साहेबांना पत्ता लागला नाही. ए, करून दाखव ना. रागावणार नाहीत ते. नाही ना, बाबा?"

मोठ्या डॉक्टरांनी कानाचं मशीन बोटाने नीट बसवलं. "नाही. करू दे."

मी उभी राहिले. हां, बोलो बोलो. मॅडमचे मिस्टर दचकले, सगळे हसले. आत्याबाई म्हणाल्या, अगं बाई, हा तर हाच. मी गाव विचारलं, सूनबाईंचं कौतुक केलं, निवृत्त झालो म्हटलं. मोठे डॉक्टर चकली खात होते, बशी किणकिणत होती. मग मॅडम साहेबांच्या पातळ आवाजात म्हणाल्या, "तमे हवे दर्दी जोता नथी, एम ने?" आणि डोळे मिचकावून माझ्याकडे बघत राहिल्या.

"ना," मी म्हटलं. "नथी जोतो."

मॅडमनी मान हलवली. "अंहं. त्या दिवशीसारखं नाही झालं. परत कर."

मी परत केलं. हळू केलं, घशातून केलं, न ओरडता केलं.

"नाही गं," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी काय बोलली होतीस. बाबा, तुम्ही ऐकायला हवं होतंत."

मोठे डॉक्टर बशीतला चुरा गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, "तेवढं शेवटचं कच्चं आहे तिचं. बाकी चांगलं करते."

मला ते दोन शब्द अजून जमत नाहीत.